प्रति: लागर बियर जगभर कशी पसरली
वर कोणीतरी लिहिलंय की लागर (गारव्यात हळूहळू आंबवलेली बियर) जगभर पोचली ती लिंडे या जर्मन इंजिनिअरच्या थंड करणाऱ्या मशीनमुळे, ते बरोबरच आहे, पण यीस्टचा, म्हणजे बियर आंबवणाऱ्या सूक्ष्म बुरशीचा, विषय राहूनच गेला आणि माझ्या मते तो जास्त मोठा आहे. कोपनहेगनच्या याकोबसेन या बियर बनवणाऱ्याने 1845 मध्ये म्युनिकच्या श्पाटन ब्रुअरीतून (बियरच्या कारखान्यातून) लागरचं यीस्ट आणलं, तेही घोडागाडीतून, वाटेत गाडी थांबली की हा उतरणार आणि भांड्यांवर गार पाणी ओतणार, नाहीतर उष्णतेने यीस्ट मेलंच असतं. 1847 ला त्याने ब्रुअरी सुरू केली, मुलाच्या म्हणजे कार्लच्या नावावरून कार्ल्सबर्ग.

तरी त्या काळी बियर मधेच बिघडायची, कडवट चव, घाण वास, अख्खा माल वाया. फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चरचा भर बॅक्टेरियावर होता, पण कार्ल्सबर्गच्या लॅबमध्ये (ही 1875 ची) एमिल हान्सेनने दाखवलं की रानटी (बाहेरून आपोआप शिरलेल्या) यीस्टची भेसळ झाली तरी बियर नासते. मग त्याने एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध यीस्ट वाढवलं आणि 1883 पासून तेच वापरात आलं.

मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की त्यांनी पेटंट वगैरे न घेता ते यीस्ट दुसऱ्या ब्रुअरींनाही देऊन टाकलं, आज कोणी देईल का? आणि हो, शाळेत आपण शिकतो ती आम्लता मोजायची पीएच स्केलसुद्धा याच लॅबची, 1909 मध्ये सोरेनसनने मांडलेली.