आरशात कुणीच नव्हतं, तरी स्कूटी शेजारी होती

इंदिरानगर_ते_पंचवटी

गाडी शिकून पाच महिने झाले. छोटी हॅचबॅक आहे, नाशिकमध्ये रोज इंदिरानगर ते पंचवटी जाते. परवा सकाळी द्वारका चौकाच्या अलीकडे डावीकडे सरकायचं होतं. इंडिकेटर दिला, आतला आरसा पाहिला, डावा आरसा पाहिला. मोकळं होतं. स्टिअरिंग वळवलं आणि थेट खिडकीशी हॉर्न वाजला. स्कूटीवर एक बाई, पुढे उभं केलेलं चार-पाच वर्षांचं पोर. कुणाला काही झालं नाही, पण काचेपलीकडचा त्या पोराचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही.

क्लासमध्ये "आरसे बघत चला" एवढंच शिकवलं होतं. मी आरसे पाहिले होते. मग ती बाई होती कुठे? बाजारात मिळतात ते चिकटवायचे गोल आरसे लावू का?

अंबड_वर्कशॉप

गोल आरसा लावा, पण मोठ्या आरशाच्या बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात. एक लक्षात ठेवा, तो फुगीर असतो, त्यामुळे मागची गाडी आहे त्यापेक्षा लहान आणि लांब दिसते. कुणी आहे की नाही एवढंच त्यात बघायचं. अंतराचा अंदाज त्यावरून घेऊ नका.

जुना_चालक

ताई, तुम्ही आरसे पाहिले हे खरं, आणि ती दिसली नाही हेही खरं. मी ३१ वर्षं मोठी गाडी चालवली, आधी ट्रक, नंतर बस. आतला आरसा मागच्या काचेतून दिसेल तेवढंच दाखवतो. बाहेरचा आरसा गाडीच्या कडेची एक पट्टी दाखवतो. स्कूटी त्या पट्टीतून पुढे निघाली, पण तुमच्या डोळ्याच्या टप्प्यात अजून आलेली नाही, अशी एक जागा तुमच्या मागच्या दाराजवळ असते. ती बाई तिथे होती.

आता सांगा, सरळ बसल्यावर डाव्या आरशात तुमच्याच गाडीचं मागचं दार किती दिसतं? बऱ्याच जणांचा आरशाचा मोठा भाग त्यातच जातो. उजव्या आरशासाठी डोकं उजव्या काचेला टेकवा आणि तिथून गाडीची कड जेमतेम दिसेल इतका आरसा बाहेर फिरवा. डाव्यासाठी डोकं दोन सीटच्या मधोमध आणा आणि तसंच करा. सरळ बसलं की आपली गाडी दिसेनाशी होईल, चार दिवस चुकल्यासारखं वाटेल. पण मागची गाडी आतल्या आरशातून सुटायच्या आत बाहेरच्या आरशात येते, आणि त्यातून सुटायच्या आत तुमच्या नजरेत. तरीही वळण्याआधी खांद्यावरून एक नजर टाका. ताशी ५० ला गाडी सेकंदाला १४ मीटर जाते, तेव्हा नजर टाकायची, टक लावायची नाही.

निफाडकर

काका, आरसा एवढा बाहेर केला तर गल्लीत रिव्हर्स घेताना भिंत कशी दिसणार?

जुना_चालक

बरोबर विचारलंत. गल्लीत आणि पार्किंगमध्ये आरसा आत घ्या, रस्त्यावर परत बाहेर. आतला आरसा मोकळा नसेल, मागे सामान छतापर्यंत भरलेलं असेल, तर ही पद्धत वापरू नका. बसमध्ये मीही नाही वापरली. तिथे मागचं चाक दिसलंच पाहिजे.

ताई, मोठ्या गाडीबद्दलही सांगतो, कारण त्या रस्त्यावर तुम्हाला ट्रक रोज भेटणार. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून त्याची डावी बाजू सगळ्यात आंधळी. केबिनच्या पुढे अगदी जवळ उभं माणूसही त्याला दिसत नाही. डावीकडे वळताना मागचं चाक पुढच्या चाकाच्या आतून जातं. एकदा स्टँडमधून बाहेर वळताना एक सायकलवाला माझ्या डाव्या बाजूने आत शिरला. मला तो दिसलाच नव्हता. कंडक्टरने घंटी मारली म्हणून वाचला. त्या रात्री मला झोप लागली नाही. ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही, असं धरून चला. शेजारी रेंगाळू नका, एकतर मागे राहा नाहीतर उजवीकडून लवकर पुढे निघा.

निफाडकर

माझं एक ऐका. मी पिंपळगावच्या बाजाराला कांद्याची ट्रॉली नेतो. ट्रॉली भरली की आरसा असून नसल्यासारखा, आणि इंजिनच्या आवाजात हॉर्न उशिरा कळतो. लोक ट्रॉलीला चिकटून चालतात आणि मी वळायला लागलो की रागावतात. मागे अंतर ठेवा आणि रात्री डिपर द्या, एवढं झालं तरी आम्हाला खूप मदत होते.

इंदिरानगर_ते_पंचवटी

काल संध्याकाळी सोसायटीत करून पाहिलं. मी ड्रायव्हर सीटवर, मुलाच्या हातात लाल बादली. त्याला डाव्या बाजूने मागून पुढे चालत यायला सांगितलं. जुन्या आरशात तो चार पावलं पूर्ण गायब होता. आरसे बाहेर केल्यावर एक पाऊलही गायब झाला नाही.

पण उजवीकडे भलतंच सापडलं. काचेच्या कडेचा जो खांब आहे ना, त्याच्या आड समोरच्या बिल्डिंगखालची अख्खी ॲक्टिव्हा लपली होती. जरा पुढे वाकले तर दिसली. त्याचं काय करायचं?

जुना_चालक

तेच करायचं. चौकात वळण्याआधी कमरेतून पुढे वाका, मग मागे या. तुम्ही आणि ती दुचाकी एकाच बिंदूकडे सारख्या वेगाने येत असाल तर ती खांबाआड शेवटपर्यंत लपून राहते, म्हणून डोकं हलवणं भाग आहे.

आणि पोराला पुन्हा एकदा बोलवा, या वेळी सायकलवर. सायकल चालत्या माणसापेक्षा लवकर येते.