बर्गनच्या धक्क्यावर मासळी खाल्लीत? अनुभव लिहा

नॉर्वेतल्या बर्गन शहरात, वोगन बंदराच्या टोकाशी फिस्केतोर्गे हा मासळी बाजार आहे. तिथे किंवा आसपास पाण्याकाठी जेवला असाल तर जरूर लिहा. महिना कुठला होता आणि काय मागवलंत, हे आधी सांगा. मासळीचं सगळं गणित हंगामावर असतं.

मीच सुरुवात करते. मे महिना, सासूबाई सोबत. बर्गनचं फिशसूप घेतलं: पांढऱ्या माशाचा रस्सा, भरपूर साय, गाजर, माशाचे छोटे गोळे. पहिल्या घोटाला सौम्य वाटतं, मग मागून आंबटगोड चव येते. सासूबाई मालवणच्या. त्यांनी वाढणाऱ्या मुलीला विचारायला लावलं, "रस्सा डोक्या-काट्यांचाच ना?" हो म्हणाली, तेव्हा त्यांनी वाटी पुढे करून आणखी मागितलं.

---

फेब्रुवारीत जा! उत्तरेच्या बॅरेंट्स समुद्रात वाढलेला कॉड मासा अंडी घालायला उत्तर नॉर्वेतल्या लोफोतेन बेटांकडे येतो, साधारण जानेवारी ते एप्रिल. त्याला स्क्राई म्हणतात. इतकं अंतर पोहून आल्यामुळे मांस घट्ट, पाकळ्या सुटणारं. आम्हाला तो नुसता उकडून दिला, सोबत त्याचंच काळीज आणि गाबोळी, म्हणजे माशाची अंडी. गाबोळी पाहून आम्ही दोघे भाऊ एकदमच हसलो. मसाल्याची आठवण झाली नाही. मी रत्नागिरीचा आहे, हे मुद्दाम सांगतो.

---

व्हेलचं मांसही विकायला असतं. मी घेतलं नाही, मन झालं नाही.

---

किंग क्रॅब मागवण्याआधी वजन आणि भाव दोन्ही विचारा. तो वजनावर विकतात आणि महाग आहे. हा खेकडा मूळचा तिथला नव्हे. 1960च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी बॅरेंट्स समुद्रात सोडला. चव गोडसर, छान, पण त्या पैशात चार जणांची कोळंबी होते.

---

मी बर्गनमध्येच राहते. वरच्या ताईंशी सहमत, कोळंबीच घ्या. ती होडीवरच उकडतात. उन्हाळ्यात आम्ही पिशवीभर विकत घेतो, धक्क्यावर बसून हातांनी सोलतो, पांढऱ्या पावावर मेयोनेझ, लिंबू आणि शेपूसारखी डिल घालून खातो. समोर ब्रिगेन या जुन्या व्यापारी धक्क्याची लाकडी घरं दिसतात. उत्तरेतला सुकवलेला कॉड शतकानुशतकं तिथूनच युरोपभर जायचा. पाऊस मात्र कधीही येतो, रेनकोट जवळ ठेवा. 2012 पासून आत बसायला बंदिस्त हॉलही आहे.