बेसलाइन (कामाआधीची पाहणी) दिवाळीनंतर, एंडलाइन (शेवटची पाहणी) भर पावसात. स्कोर खाली आलाय, रिपोर्टात काय लिहू?

सातपुडा_एसटी
नमस्कार मंडळी. धडगाव भागात (जि. नंदुरबार) एका छोट्या संस्थेत एम अँड ई (कामाची देखरेख आणि मूल्यमापन) बघतो, म्हणजे नावाला एम अँड ई, बाकी बियाण्याच्या पाकिटांपासून गाडीच्या डिझेलपर्यंत सगळंच माझ्या गळ्यात. प्रोजेक्ट असा की परसबाग, थोड्या कोंबड्या, आणि रेशनकार्डात राहिलेली नावं चढवून देणं. फंडरला फूड कन्झम्प्शन स्कोर हवा, एफसीएस, म्हणजे आठवड्यात घरात काय काय आणि किती दिवस खाल्लं त्याचे गुण. बेसलाइन मी यायच्या आधीची, नोव्हेंबरातली, मका-ज्वारी नुकती घरात आलेली तेव्हाची. एंडलाइन ऑगस्टात उरकली कारण पैसे सप्टेंबरला संपतात. आणि आता सरासरी स्कोर बेसलाइनच्याही खाली!! वरून फोन, की तुमच्या प्रोजेक्टने लोक जास्त उपाशी राहायला लागले की काय. गावात जाऊन बघा ना राव, कुडाला गिलके-दोडके लोंबतायत, बायका सांगतात बाजारातून भाजी आणणं कमी झालं. सॅम्पलचंही काही बोलायला नको, बेसलाइनला बरीच घरं कुलूपबंद होती, ऑगस्टात सगळे गावात त्यामुळे यादी मस्त पूर्ण झाली. मग स्कोर का पडतोय? आणि लिहायचं काय?

खडीसाखर
दादा, तुम्ही प्रोजेक्ट नाही मोजला, पावसाळा मोजलाय. एफसीएसला फक्त मागच्या ७ दिवसांत काय खाल्लं तेवढंच कळतं, त्याला वर्ष माहीत नसतं. तुमच्याकडे जुलै ते सप्टेंबर म्हणजे जुना दाणा संपलेला, नवा अजून उभा, निंदणीची मजुरी मिळाली तर मिळाली, दुकानात उधारी. या दिवसांत स्कोर पडला नसता तरच मला शंका आली असती. नोव्हेंबरची तुलना नोव्हेंबरशीच व्हायला हवी. फंडरकडे जादा पैसे मागू नका, दोन-तीन महिन्यांची मुदतवाढ मागा आणि दिवाळीनंतर त्यातल्याच निवडक घरांत पुन्हा एक छोटी फेरी मारा, प्रश्न तेच, शक्य तर विचारणारी पोरंपोरीही तीच.

आणि त्या फेरीत एक प्रश्न वाढवा, मागच्या १२ महिन्यांत कुठल्या कुठल्या महिन्यात घरात पुरेसं खायला नव्हतं. महिने विचारून उपयोग नाही, होळी, आखाजी, पोळा, दिवाळी धरून विचारा मग लोक बरोबर सांगतात. बेसलाइनला हा प्रश्न नसणार त्यामुळे आधी-नंतर जमणार नाही, पण ऑगस्ट तुमच्याकडे किती वाईट असतो हे लोकांच्या तोंडून रिपोर्टात येईल.

आकडेमोड_काकू
खडीसाखरचं बरोबर आहे पण सगळ्यांनी एक वाक्य वाचून सोडून दिलंय. "बरीच घरं कुलूपबंद होती." अहो ती घरं कुठे गेली होती? ऊसतोडीला नाहीतर गुजरातेत मजुरीला. म्हणजे ज्यांच्याकडे दाणा कमी तीच माणसं बेसलाइनमधून गायब, आणि ऑगस्टात परत आल्यावर तुम्ही त्यांना हौसेने यादीत घेतलं. मग सरासरी पडणारच, एकाही घरात एक घास कमी झाला नसेल तरी पडेल. पहिलं काम, दोन्ही वेळी भेटलेली घरं वेगळी काढा आणि फक्त त्यांचा फरक बघा. नवी घरं वेगळ्या तक्त्यात. पावसाळ्याचा गोंधळ त्याने जाणार नाही पण निदान एक तरी गाठ सुटेल.

दुसरं, चहातलं दूध कसं नोंदवलंय बघा. हे मी इतक्या शीट्समध्ये बघितलंय की आता आधी तोच कॉलम उघडते. स्कोरमध्ये प्रत्येक प्रकारचं अन्न किती दिवस खाल्लं त्याला ठरलेल्या वजनाने गुणतात. दुधाचं वजन ४, रोज असेल तर ७ गुणिले ४, सरळ २८ गुण. जिथे तेल-साखर जवळपास सगळ्यांकडे रोज असते तिथे २८ च्या आत वाईट आणि ४२ च्या वर बरं अशी रेघ लावतात (नाहीतर २१ आणि ३५). म्हणजे चमचाभर दुधाच्या चहावर अख्खं घर वाईटाच्या कडेला येऊन पोचतं, भाकर-डाळ अजून मोजलीच नाही! चहात घातलेलं दूध मसाल्यासारखं धरायचं, शून्य वजन. बेसलाइनच्या टीमने ते दूध धरलं असेल आणि तुमच्या टीमने नसेल तर उरलेला फरक तिथेच सापडेल. ट्रेनिंगमध्ये हे कुणीच सांगत नाही, सगळा वेळ टॅब कसा चालू करायचा यातच जातो.

मलावीतला_मराठी
इथे लिलाँग्वेत हीच कहाणी, फक्त कॅलेंडर वेगळं. मका एप्रिल-मेमध्ये निघतो आणि उपासमारीचे दिवस साधारण डिसेंबर ते मार्च. कापणीनंतर बेसलाइन आणि फेब्रुवारीत एंडलाइन केली की जगातला कुठलाही प्रोजेक्ट नापास.

मला विचाराल तर शेजारची गावं आहेत का बघा जिथे तुमचं काम अजून सुरूच नाही झालं. तिथे लगेच, याच पावसात, तेच प्रश्न विचारले तर दोन्हीकडे भूक मोसमाची, मग फरक किती तो बघता येतो. मेक्सिकोत १९९७ ला प्रोग्रेसा (गरीब घरांना रोख मदतीची सरकारी योजना) सुरू झालं तेव्हा पाहणीतल्या ५०६ गावांपैकी ३२० ना आधी मदत दिली, १८६ ना नंतर, आणि मधल्या काळात दोन्हींची तुलना केली. पण तिथे आधी कोण ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. आपल्याकडे पहिली गावं कशी ठरतात सांगू का, जिथे जीप जाते ती. म्हणून रस्त्यापासून साधारण तेवढंच लांब असलेलं गाव शोधा, नाहीतर शेवटी रस्त्याचा परिणाम मोजून बसाल.

इष्टांक_संपला
स्कोरचं चालू द्या तुमचं, मला रेशनचं बोलायचंय. "नावं चढवून दिली" एवढं लिहून फंडर खूश होईल पण धान्य वाढलं का? २०१३ च्या कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, तिथे नाव चढलं की दाणा वाढतो. अंत्योदय कार्डाला कुटुंबाला ३५ किलो ठरलेले, घरात चार असोत की नऊ. धडगावसारख्या भागात अंत्योदय कमी नाहीत, तिथे पाच नावं चढवली तरी पोतं तेवढंच. तुमच्या यादीत कार्डाचा प्रकार हा कॉलम आहे का? नसेल तर आधी तो करा. आणि प्राधान्य गटातही तहसीलला पुरवठा शाखेत इष्टांक (लाभार्थ्यांचा ठरलेला कोटा) शिल्लक नसेल तर नाव चढूनही धान्य सुरू होत नाही, हे वेगळं मोजा.

अजून एक, मशीनवर अंगठा लागला म्हणजे माल मिळाला असं धरू नका. धान्य २०२३ पासून फुकट आहे त्यामुळे कमी मिळालं तरी लोक भांडत नाहीत. ताणकाटा घेऊन दुकानाबाहेर उभं राहू नका, वाद होतील. घरी जाऊन त्याच दिवशी आणलेलं पोतं तोला आणि पावतीशी लावून बघा, दहा-पंधरा घरांत अंदाज येतो.

सातपुडा_एसटी
बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद. काकू, दोन्ही वेळची घरं वेगळी काढली, फरक बराच कमी झाला पण अजूनही खालीच आहे. बेसलाइनच्या फॉर्मवर दुधाबद्दल काहीच सूचना नाही आणि त्या टीममधलं आता कुणी फोन उचलत नाही. इष्टांक दादा, कार्डाचा प्रकार आमच्या फॉर्ममध्ये नाहीच, झेरॉक्सवरून भरतोय. प्रश्न असा की मुदतवाढ नाही मिळाली तर हा खाली आलेला आकडा छापायचा की सरासरी गाळून फक्त परसबागेचं लिहायचं? आमचे सर दुसरं म्हणतायत.

आकडेमोड_काकू
छापायचा. पहिल्या पानावर, आणि त्याच परिच्छेदात दोन्ही फेऱ्यांचे महिने आणि बंद घरांचं काय झालं ते. गाळलात तर बेसलाइन फंडरकडे आहेच, ते विचारणारच, आणि तेव्हा पावसाळ्याचं कारण सांगितलं तर बहाणा वाटेल. भाजीचा कॉलम मात्र वेगळा दाखवा, आठवड्यात किती दिवस हिरवी भाजी खाल्ली, दोन्ही वेळी भेटलेल्या घरांत. पावसात रानभाजी पण असते म्हणून परसातली, रानातली की बाजारातली हे विचारलं असेल तरच दावा करा. विचारलंय ना?

सातपुडा_एसटी
एंडलाइनला विचारलंय, बेसलाइनला नाही 🙏

आकडेमोड_काकू
मग "वाढली" असं लिहू नका. "ऑगस्टात इतक्या घरांत परसातली भाजी खाल्ली" एवढंच लिहा. आणि चहाचा कॉलम असलेली शीट टाका इथे, नावं काढून.