मागच्या सीटजवळची जाळी बघा

'ठाण्याच्या घोडबंदर रोडला एसी लावून अडकलं की बॅटरी उतरते, मग हायब्रिड घेऊन काय उपयोग' हा या चर्चेत कुणीतरी मांडलेला मुद्दा अर्धाच बरोबर आहे. स्ट्राँग हायब्रिड म्हणजे इंजिनासोबत मोठी बॅटरी आणि मोटर असलेली, थोडा वेळ नुसत्या विजेवरही चालणारी गाडी. ती बॅटरीचं चार्जिंग ठरावीक पातळीखाली जाऊच देत नाही; इंजिन आपोआप सुरू होतं, थोडं चार्जिंग करून पुन्हा गप्प. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असतानाही गारवा कायम. उलट तिथल्या कासारवडवलीच्या रेंगाळत्या ट्रॅफिकमध्येच ही गाडी पैसे वसूल करते, एक्सप्रेसवेवर तेवढा फरक पडत नाही.

इथे कुणी लिहिलं नाही ते सांगतो. बऱ्याच हायब्रिडमध्ये मोठी बॅटरी थंड ठेवायला केबिनमधलीच हवा ओढतात. त्या हवेची जाळी बहुधा मागच्या सीटच्या आसपास असते. आमच्या गाडीची मेकॅनिकने काढली तेव्हा तिच्यावर कुत्र्याच्या केसांचा नमदा बसला होता, त्यात कुरमुरे अडकलेले. ती तुंबली की बॅटरी तापते, मग गाडी तिच्याकडून काम कमी घेते आणि ॲव्हरेज घसरतं. जाळीसमोर पिशव्या, उशा ठेवू नका. सर्व्हिसिंगला ती साफ करायला मुद्दाम सांगा, नाहीतर ती राहून जाऊ शकते. तुमची जाळी नेमकी कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये सापडेल.