नवशिक्याच्या हातात आधी टेलविंड देऊ नका

कोरा_कागद
वेबसाइट सजवायला शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात टेलविंड (स्टाइलचे छोटे तयार क्लास देणारं सीएसएस फ्रेमवर्क) शिकवू नये, असं माझं ठाम मत आहे. सुरुवातीचे काही महिने नुसतं सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी भाषा) आणि ब्राउझरमधला इन्स्पेक्टर (कुठल्या घटकाला कुठले नियम लागलेत ते दाखवणारं साधन), एवढंच पुरे.

साध्या सीएसएसला हात लावायला नको वाटायचं, असा एक काळ होता. तीन रकाने शेजारी शेजारी बसवायचे तर फ्लोट लावा, म्हणजे घटक एका कडेला सरकवा, मग ते आवरायला क्लिअरफिक्स नावाची युक्ती. व्हेरिएबल नव्हते, नेस्टिंग (नियमाच्या आत नियम) नव्हतं, म्हणून २००६ मध्ये सास आलं, ज्यात लिहिलेल्याचं पुढे सीएसएस बनतं. २०११ मध्ये बूटस्ट्रॅप हे तयार फ्रेमवर्क आलं आणि त्याच्या बारा रकान्यांवर आपण सगळे तरून गेलो. तेव्हाची गरज खरी होती. पण मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिघांत एकाच महिन्यात ग्रिड, म्हणजे सीएसएसचीच रकाने-ओळींची मांडणी, आलं. नेस्टिंग २०२३ पासून या सगळ्यांना थेट कळतं. कंटेनर क्वेरी (बाहेरच्या चौकटीच्या रुंदीनुसार नियम) आहेत, ‘हॅज’ (आत काय आहे त्यावरून घटक निवडणं) आहे.

नेहमीचंच काम घ्या, कार्डांची मांडणी. रकान्यांच्या जागी ‘रिपीट(ऑटो-फिट, मिनमॅक्स(१६ रेम, १ एफआर))’ एवढं लिहिलं की झालं, एकही मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीनुसार वेगळा नियम) लागत नाही. रेम हे अक्षराच्या मूळ आकारावरचं माप, एफआर म्हणजे उरलेल्या जागेचा वाटा. कार्ड १६ रेमपेक्षा अरुंद होत नाही आणि उरलेली जागा सगळी कार्डं सारखी वाटून घेतात. फक्त १६ रेमच्या जागी ‘मिन(१६ रेम, १००%)’ लिहा, म्हणजे अगदी अरुंद जागेत कार्ड बाहेर जात नाही. ही एक ओळ ज्याला नीट समजली, त्याला मांडणीचं अर्धं गणित समजलं.

रात्रपाळी
असहमत. तुम्ही एकट्याने केलेल्या पानाबद्दल बोलताय, मी टीमच्या कामाबद्दल बोलतोय.

मोठ्या प्रोजेक्टमध्ये सीएसएसची फाइल फक्त वाढत जाते. जुना नियम काढायला कोणी धजत नाही, कारण तो कुठल्या कोपऱ्यात वापरलाय हे छातीठोकपणे कोणालाच सांगता येत नाही. टेलविंडमध्ये स्टाइल मार्कअपमध्येच, म्हणजे पानाच्या एचटीएमएलमध्येच, असते. कंपोनंट (पानाचा एखादा तुकडा) काढला की त्याची स्टाइलही गेली. नाव काय ठेवायचं यावरचे वाद संपतात ते वेगळंच. यांडेक्समधून आलेलं बेम, म्हणजे क्लासना नावं देण्याची पद्धत, पाळून पाहिलंय. शिस्त चांगली आहे, पण गर्दीच्या दिवशी पहिल्यांदा तीच मोडते.

आणि एक बारीक गोष्ट. साध्या सीएसएसमध्ये नवशिक्या तीन रकान्यांसाठी ‘१ एफआर’ तीनदा लिहितो. एका रकान्यात न तुटणारी लांब लिंक आली की तो रकाना फुगतो आणि बाकीचे दोन आकसतात, कारण ‘१ एफआर’ची किमान रुंदी ‘ऑटो’, म्हणजे आतल्या मजकुराप्रमाणे, असते. टेलविंडचा ‘ग्रिड-कॉल्स-३’ मुळातच ‘मिनमॅक्स(०, १ एफआर)’ देतो. म्हणजे नवशिक्या त्या खड्ड्यात पडतच नाही.

कोरा_कागद
@रात्रपाळी, उदाहरण उत्तम आहे, पण ते माझ्याच बाजूचं आहे. तीच लांब लिंक उद्या फ्लेक्समध्ये, म्हणजे घटक एका रांगेत बसवणाऱ्या मांडणीत, येते. तिथे टेलविंड तुमच्यासाठी आपोआप काही करत नाही, ‘मिन-डब्ल्यू-०’ हा किमान रुंदी शून्य करणारा क्लास स्वतः लावावा लागतो. फ्लेक्समधल्या घटकाची किमान रुंदीही ‘ऑटो’ असते हे ज्याला माहीत नाही, त्याला हा क्लास सुचणार कुठून? मग तो ‘ओव्हरफ्लो-हिडन’ लावतो आणि मजकूर कापला जातो.

मात्रा_वेलांटी
दोघांनाही एक विचारते. तुमच्या पानांवर मराठी मजकूर असतो ना?

टेलविंडचा ‘टेक्स्ट-५एक्सएल’ हा मोठ्या अक्षरांचा क्लास लावला की अक्षराच्या आकाराबरोबर ओळीची उंचीही येते, आणि ती असते १. रोमन अक्षरांना ते खपून जातं. देवनागरीत वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारावर आणि वेलांट्यांवर जाऊन बसतात. शीर्षक एका ओळीचं असेतो कोणाला कळत नाही, फोनवर दोन ओळी झाल्या की सगळी गिचमिड. ‘ट्रॅकिंग-वाइड’ हा अक्षरांतलं अंतर वाढवणारा क्लास तर मराठीला लावूच नका. अक्षरांमध्ये जागा सुटते आणि शिरोरेघेचे तुकडे पडतात. हा दोष टेलविंडचाच असं नाही, साध्या ‘लेटर-स्पेसिंग’नेही तेच होतं. पण तयार क्लास उचलताना त्याच्या पोटात काय आहे हे कोणी बघत नाही, हे मात्र खरं.

रात्रपाळी
@मात्रा_वेलांटी, मुद्दा बिनतोड. उपाय सोपा आहे. टेलविंडची आवृत्ती ४ असेल तर थीममध्ये (सगळ्या मापांची यादी असते तिथे) त्या आकाराची ओळीची उंची एकदाच १.४ करून ठेवा, सगळीकडे लागू होते. इथेच टीमचा फायदा दिसतो, एका जागी बदललं की सगळ्यांचं काम सुधारलं.

अर्धविराम
त्यात आवृत्तीची भानगड आहे. आवृत्ती ३ मध्ये ओळीची उंची ठरवणारा ‘लीडिंग-स्नग’ लावून वर ‘एमडी:टेक्स्ट-५एक्सएल’ लावलं, तर मोठ्या पडद्यावर उंची परत १ होते, कारण आकाराचा क्लास उंचीही सोबत आणतो आणि मीडिया क्वेरीतला नियम नंतर येतो. आवृत्ती ४ मध्ये लीडिंग टिकून राहतं.

जुन्या प्रोजेक्टला आवृत्ती ४ लावणाऱ्यांनी हेही बघा. तिचे क्लास आता खऱ्या कॅस्केड लेयरमध्ये असतात (कॅस्केड म्हणजे एकाच घटकावरच्या नियमांतला कुठला जिंकतो ते ठरवणारी रीत, लेयर म्हणजे त्यातले थर), आणि लेयरबाहेरचा साधा नियम लेयरमधल्या नियमावर नेहमी मात करतो, स्पेसिफिसिटी (निवडकाचं वजन) कितीही कमी असली तरी. आमच्याकडे जुन्या फाइलमध्ये ‘एच१’ला, म्हणजे मुख्य शीर्षकाला, अक्षराचा आकार दिलेला होता. आवृत्ती ३ मध्ये क्लास जिंकायचा, ४ मध्ये ‘एच१’ जिंकला आणि सगळी शीर्षकं एकाच मापाची झाली. जुनं सीएसएस ‘बेस’ लेयरमध्ये टाकलं आणि प्रश्न मिटला. त्यामुळे मी कोरा_कागद यांच्या बाजूने. कॅस्केड माहीत नसता तर दिवसभर ‘इम्पॉर्टंट’ (नियम जबरदस्तीने जिंकवणारा शब्द) मारत बसलो असतो.

पहिली_ओळ
मी सध्या शिकतेय, म्हणून शिकणाऱ्याच्या बाजूने बोलते. मला टेलविंडनेच धीर दिला. पहिल्या आठवड्यात डोळ्यांना बरं दिसेल असं पान उभं राहिलं, म्हणून मी टिकले. आणि एडिटरमध्ये टेलविंडचं इंटेलिसेन्स एक्स्टेन्शन टाकलं की क्लासवर माउस नेल्यावर त्यामागचं सीएसएस दिसतं. मी तसंच शिकतेय. आधी व्याकरण आणि मग बोलणं, असाच क्रम का हवा?

कोरा_कागद
@पहिली_ओळ, टिकलात हे महत्त्वाचं, आणि ते एक्स्टेन्शन चांगलंच आहे. पण ते फक्त क्लासमध्ये काय लिहिलंय ते सांगतं. लिहिलेलं लागू का होत नाही, हे सांगत नाही. ते ब्राउझर सांगतो. उदाहरणार्थ, घटक मध्यभागी आणायला ‘जस्टिफाय-सेंटर’ लावलंय पण घटक ना फ्लेक्स आहे ना ग्रिड. फायरफॉक्सचा इन्स्पेक्टर ती ओळ फिकट करतो, शेजारच्या खुणेवर माउस नेला की कारण आणि उपाय दोन्ही लिहून देतो. आज एक काम करा. तुमचं टेलविंडचं पान फायरफॉक्समध्ये उघडा आणि फिकट झालेल्या ओळी शोधा.

पहिली_ओळ
पाहिलं. हेडरच्या लोगोवर एक निघाली, ‘आयटम्स-सेंटर’ होतं पण ‘फ्लेक्स’ लावलेलंच नव्हतं. लावल्यावर लोगो आणि नाव सरळ रेषेत आलं. तरीही माझं मत तेच आहे. पान आधी उभं होतं, म्हणून त्यात शोधायला काही सापडलं.