पाहिलेले सगळेच मुले का उचलत नाहीत?

प्रश्न
माझी मुलगी चार वर्षांची आहे. फोनवर बोलताना मी येरझाऱ्या घालतो आणि मध्येच चष्मा कपाळावर सरकवून डोळे चोळतो, हे मला स्वतःलाही ठाऊक नव्हते. परवा ती कानाला ठोकळा लावून, नसलेला चष्मा वर सरकवत खोलीभर फिरताना दिसली, तेव्हा कळले. उलट जेवणाआधी हात धुण्याची क्रिया मी रोज मुद्दाम तिच्यासमोर करतो, तिचा मात्र मागमूस नाही. काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे मुले कशावरून ठरवतात?

उत्तर १
तिने हात धुणे उचलले नाही, असे इतक्यात म्हणू नका. शिकणे आणि शिकलेले करून दाखवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1961 साली 72 बालकांवर केलेल्या प्रयोगात, मोठ्या माणसाला हवा भरलेल्या बाहुल्याला बडवताना पाहिलेल्या मुलांनी पुढे तेच प्रहार, कित्येकदा तेच शब्द वापरून, केले. हा प्रयोग सर्वपरिचित आहे. मला त्यांचाच 1965 चा अधिक बोलका वाटतो. त्यात चित्रफितीच्या शेवटी मारणाऱ्याला काही मुलांसमोर बक्षीस मिळाले, काहींसमोर शिक्षा झाली आणि काहींसमोर काहीच घडले नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी अनुकरण कमी केले. पण 'त्याने काय केले ते करून दाखव, खाऊ मिळेल' असे म्हणताच तिन्ही गटांतला फरक जवळजवळ नाहीसा झाला. शिक्षेमुळे कृती दबली होती, स्मरणातून गेली नव्हती. बांडुरांनी पुढे अवधान (लक्ष देणे), धारणा (लक्षात ठेवणे), कृती करण्याची क्षमता आणि प्रेरणा असे चार टप्पे मांडले. तुमच्याकडे बहुधा चौथाच अडला असावा. हात धुवायला तिलाच कुणाला तरी शिकवायला सांगून पाहा.

उत्तर २
वरच्या प्रयोगावर एक जुना आक्षेप आहे: ठोसा मारताच पुन्हा उभा राहणारा बाहुला मारण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे त्यावरून खऱ्या माणसाशी होणाऱ्या वर्तनाबद्दल निष्कर्ष काढताना जपावे लागते.

उत्तर ३
'कशावरून ठरवतात' याचे थोडे उत्तर मानसशास्त्रज्ञ गेर्गेली आणि सहकाऱ्यांच्या 2002 च्या प्रयोगात सापडते. एक बाई कपाळ टेकवून दिवा लावते. तिचे हात मोकळे असतील, तर चौदा महिन्यांच्या मुलांपैकी 69 टक्के स्वतःही कपाळच टेकवतात. तेच हात शालीत गुंतलेले असतील, तर फक्त 21 टक्के, बाकीची सरळ हाताने दाबतात. म्हणजे 'मोकळे हात असून ही असे करते, तर त्यात काहीतरी असणार' असा हिशेब एवढ्या वयातही होत असावा. मात्र मोठी मुले कधी कधी चिंपांझींपेक्षाही भाबडी ठरतात. 2005 च्या एका तुलनेत, पारदर्शक पेटीतून खाऊ काढताना चिंपांझींनी निरुपयोगी कृती गाळल्या, तीन-चार वर्षांच्या मुलांनी त्या इमानाने केल्या. चष्मा सरकवणे त्यातलेच वाटते.

प्रश्नकर्ता
काल तिला म्हटले, 'बाहुलीला हात धुवायला शिकव बघू.' तिने आधी बाहुलीच्या बाह्या दुमडल्या, बोटांच्या बेचक्यांतून साबण फिरवला आणि शेवटी नळ मनगटाने बंद केला. नळ मनगटाने बंद करतो तो मी, आणि तेही तिला कधी सांगितलेले नाही. त्यानंतर ती तशीच, स्वतःचे हात न धुता, जेवायला बसली.