मदत हवी आहे: पाण्यावर आपलं जहाज कोणतं आणि शत्रूचं कोणतं, कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. मी कोथरूडचा, मॉडेल युद्धनौकांच्या लढाईत अगदी नवीन. मुळशीकडे मित्राच्या शेततळ्यावर आम्ही सहा जण १:१४४ मापाची रिमोटवरची जहाजं लढवतो. बाल्सा या हलक्या लाकडाच्या पातळ फळीची कूस, बारीक पोलादी गोळ्या, भोकं पडली की जहाज खरंच बुडतं. एक बाजू दोस्त राष्ट्रांची, दुसरी अक्ष राष्ट्रांची.

गेल्या रविवारी मी आपल्याच गड्याच्या ‘हूड’वर (ब्रिटिश युद्धनौकेचं मॉडेल) सलग पाच गोळ्या झाडल्या. ऊन समोरून, पाणी चमकत होतं, सगळी जहाजं करडी. त्याने तीन महिने खपून केलेलं जहाज तळाशी गेलं. फार वाईट वाटलं.

काठावर शांतपणे पाहिलं की ओळख पटते: ‘नेल्सन’चे तिन्ही तोफ-बुरूज पुढेच, ‘किंग जॉर्ज पाचवा’ला दोन धुराडी, ‘बिस्मार्क’ला एकच. पण जहाज नाक समोर करून अंगावर आलं की धुराडी एकामागे एक लपतात, मग काय मोजायचं? खुद्द खऱ्या ‘हूड’नेही २४ मे १९४१ ला जर्मन ‘बिस्मार्क’ समजून आधी तिच्यासोबतच्या ‘प्रिन्झ ऑयगेन’वरच तोफा डागल्या होत्या, दोघींची बाह्याकृती इतकी सारखी.

समोरून येणाऱ्या जहाजात तुम्ही आधी काय बघता, ब्रिज (जिथून कप्तान जहाज चालवतो तो मनोरा) की डोलकाठी? इटालियन नौदल स्वतःच्या विमानांना ओळख पटावी म्हणून नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या डेकवर, लाल-पांढरे पट्टे रंगवत असे; तसं काही बुरुजांच्या माथ्यावर रंगवलं तर काठावरून दिसेल का? येत्या रविवारी पुन्हा लढत आहे, त्याआधी सांगाल तर फार बरं होईल.